अपंग कामगाराचा टक्का : एका हक्काचा इतिहास



या व्यासपीठावरून इतिहास सांगावयास विद्वान मंडळी येतात, असा आपला अनुभव आहे. मी विद्वान नाही. आठवीत माझी शाळा सुटली. पुढे अकरा वर्षे लेथवर टर्नर म्हणून काम केले आणि गेली अठ्ठावीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आहे. जे काही वाचले ते रद्दीच्या दुकानातून आणलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून आणि कोर्टाच्या निकालपत्रांतून. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास मजपाशी नाही. मजपाशी आहे तो एका आकड्याचा इतिहास.

यंत्रात कामगाराचा हात सापडतो. इस्पितळ होते, जखम भरते, टाके निघतात. मग एके दिवशी त्याला मेडिकल बोर्डापुढे बोलावणे येते. मेजापलीकडे बसलेली डॉक्टर मंडळी त्याचा हात उलटासुलटा करून पाहतात आणि एका कागदावर आकडा लिहितात : आठ टक्के, वीस टक्के, सत्तर टक्के. आमच्या वस्तीत याला ‘टक्के बसले’ असे म्हणतात. कामगार तो कागद घडी घालून खिशात ठेवतो आणि घरी जातो. सटवाईने कपाळावर लिहिले तसे बोर्डाने कागदावर लिहिले, आता ते पुसता येणार नाही, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. तो आकडा माणसांनी केलेला अंदाज आहे, आणि माणसाच्या अंदाजावर माणसाला दाद मागता येते. ही दाद मागण्याची वाट कशी तयार झाली, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आरंभ थोडा दुरून करतो. १८३७ साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकर मुलाचा खटला झाला. गाडीत बेसुमार माल भरला होता, ती मोडली आणि त्या मुलाची मांडी मोडली. त्याने धन्यावर दावा लावला. कोर्टाने धन्याला जबाबदार धरले नाही. या निकालातून पुढे असा सिद्धांत वाढला की, सोबतच्या नोकराच्या चुकीने इजा झाली तर मालकाकडे भरपाई मागता येत नाही. जो नोकरी पत्करतो तो तिच्यातला धोकाही पत्करतो. गिरण्यांचे आणि खाणींचे युग ऐन भरात असताना हा सिद्धांत मालकांच्या मदतीला उभा राहिला. हात कोणाच्या चुकीने तुटला, हाच प्रश्न त्या काळी मुख्य होता. हात तुटल्यावर हा माणूस काय खाणार, हा प्रश्न कोर्टापुढे येतच नव्हता.

आपल्याकडे १८५५ साली प्राणांतिक अपघातांचा एक कायदा झाला. कोणाच्या दोषामुळे माणूस मेला तर त्याच्या कुटुंबाने दिवाणी दावा लावावा, अशी त्यात सोय होती. पण तो कायदा मेलेल्यांपुरता होता. जो जगला, परंतु निकामी झाला, त्याच्यासाठी त्यात काही नव्हते.

अशा वेळी १८८४ सालच्या सप्टेंबरात मुंबईत एक गोष्ट घडली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे मांडण्यासाठी एक निवेदन तयार झाले आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. ज्यांना सही येत नव्हती अशांचीच त्या काळी गिरणीत गर्दी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. निवेदनातील मागण्या थोड्या आणि सरळ होत्या. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम असावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि शेवटची मागणी अशी की, कामावर इजा होऊन जो काही काळ अंथरुणास खिळेल त्याला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा. आणि जो जन्माचा पंगू होईल त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज व्हावी.

त्याच १८८४ सालच्या जुलैत जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा मंजूर केला होता. तिकडे एक बलाढ्य राज्य जे करीत होते, तेच इकडे परळ-भायखळ्याचे कामगार दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने मागत होते. इंग्लंडलासुद्धा असा कायदा करावयास १८९७ साल उजाडावे लागले. आपल्या कामगाराला काही कळत नव्हते, त्याला सारे वरून मिळाले, असे म्हणणारांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

लोखंड्यांच्या मागणीतला एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी तुटलेल्या हाताची किंमत मागितली नाही, उपजीविका मागितली. हात तुटला म्हणजे मांसाचा एक गोळा गेला, असा त्यांचा हिशेब नव्हता. त्या हातावर जे घर चालत होते त्याचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा झगडा या दोन हिशेबांमधला आहे.

रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. १८९१ साली फॅक्टरी कायदा सुधारला. पण पंगू होणाऱ्याच्या उपजीविकेची मागणी तशीच पडून राहिली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत गेले. ती मागणी कायद्यात उतरली १९२३ साली आणि अंमलात आली १ जुलै १९२४ रोजी, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा हे एक मोठे पाऊल होते, यात शंका नाही. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या डोक्यावरून उतरले. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे दाखविले की पुरे. आणखी एक गोष्ट पाहा. कामगार मेला तर तीस महिन्यांच्या पगाराइतकी आणि तो जन्माचा पूर्ण निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई ठरविली होती. अडीच हजार आणि साडेतीन हजार रुपये अशा त्यांच्या अनुक्रमे कमाल मर्यादा. निकामी होऊन जगणाऱ्याचा संसार मेलेल्याच्या संसारापेक्षा महाग पडतो, हे कठोर सत्य कायद्याने तेव्हाच मान्य केले होते.

परंतु पूर्ण निकामी होणारे थोडे. ज्याचे एखादे बोट, एखादा डोळा, एखादा पाय जातो, त्याचे काय करावयाचे? त्यासाठी कायद्याला एक कोष्टक जोडले होते. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती सत्तर टक्के गेली असे धरावे. डावा गेला तर साठ. एक डोळा तीस टक्के. अंगठा पंचवीस. तर्जनी दहा. दुसरे कोणतेही बोट पाच. किराणा दुकानातल्या भावफलकासारखे हे कोष्टक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा नकळत माझ्या हाताकडे पाहिले. तर्जनी दहा टक्के. लेथवर मी ज्या बोटाने मायक्रोमीटर फिरवीत होतो ते हे बोट.

या कोष्टकावर टीका करणे सोपे आहे, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. ज्याच्यापाशी वकील नाही, ज्याला वाचता येत नाही, त्याला या कोष्टकाने निदान एक आकडा हातात दिला. घासाघीस करून मालकाने पाच-पन्नास रुपयांत बोळवण करावी, ही गोष्ट अवघड झाली. हक्क सोडून देण्याचा करार करून घेतला तर तो रद्दबातल ठरेल, असेही कायद्यात लिहिले होते. कोष्टकाचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण उजव्या आणि डाव्या हाताच्या टक्क्यांत फरक का, हे विचारा. शरीर म्हणून पाहिले तर दोन्ही हात सारखेच. फरक केला तो कामाकडे पाहून, कारण बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात. म्हणजे कोष्टक करणाऱ्यांच्या मनातही काम होतेच. फक्त त्यांनी सर्वांसाठी एकच सरासरी माणूस कल्पिला. डावखुऱ्या लोहाराचा डावा हात गेला तर काय, याचे उत्तर कोष्टकात नव्हते. १९६२ साली हे कोष्टक बदलले, अधिक बारकाईने मांडले आणि उजव्या-डाव्याचा भेद त्यातून गेला. पण सरासरी माणूस तसाच राहिला.

मात्र त्याच कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात दुसरे एक माप ठेवले होते. पूर्ण अपंगत्व म्हणजे काय? तर अपघाताच्या वेळी जे जे काम करण्यास तो कामगार समर्थ होता, त्या सर्व कामास त्याला असमर्थ करणारे अपंगत्व. यात बोटे मोजलेली नाहीत, इंच मोजलेले नाहीत. या माणसाचे काम काय होते, आणि ते आता त्याला जमेल काय, एवढेच विचारले आहे. एकाच कायद्यात अशी दोन मापे होती, एक अवयवाचे आणि एक कामाचे. त्यांचा सामना एके दिवशी व्हावयाचाच होता.

तो झाला एका सुतारामुळे. ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, ६ जुलै १९६८ रोजी एका सिनेमागृहात नक्षीकाम करीत असता एक सुतार खाली पडला. त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. तो नुकसानभरपाई आयुक्तांकडे गेला. मालकाचे म्हणणे असे की, ही इजा कोष्टकात दिलेली आहे, ती अंशतः अपंगत्वाची आहे, तेव्हा कोष्टकापलीकडे जाता येणार नाही. कोष्टकाप्रमाणे टक्के होत होते सत्तर. आयुक्तांनी मे १९६९ मध्ये साध्या शहाणपणाचा निकाल दिला. हा माणूस धंद्याने सुतार आहे. सुतारकाम एका हाताने होत नाही. सबब तो आपल्या कामास पूर्णपणे असमर्थ झाला आहे. भरपाई ठरली ९,८०० रुपये, आणि ती वेळेवर दिली नाही म्हणून वर दंड आणि व्याज.

मालक हायकोर्टात गेला, तेथे हरला. सुप्रीम कोर्टात गेला. ४ डिसेंबर १९७५ रोजी चार न्यायमूर्तींच्या पीठाने आयुक्तांचा निकाल उचलून धरला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, आयुक्तांच्या हुकुमाची वाट पाहण्याचा अधिकार मालकाला नाही, हेही याच निकालात सांगितले गेले. ज्याने कधी रंधा धरला असेल त्याला हा निकाल समजावून सांगावा लागत नाही. एक हात लाकूड दाबून धरतो, दुसरा रंधा ओढतो. सत्तर टक्के हात गेलेला सुतार तीस टक्के सुतार राहत नाही. तो सुतारच राहत नाही. पण एवढे साधे सत्य देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडून बाहेर पडावयास त्या माणसाची सात वर्षे आणि पाच महिने गेले, हेही विसरता कामा नये.

एव्हाना दुसरा एक मोठा बदल होऊन गेला होता. युद्धकाळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, प्रा. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सादर केली. तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९५४ साली ती मुंबईत आली. आपण तिला ‘ईएसआय’ म्हणतो. या योजनेत एकदाच रक्कम घेऊन मोकळे होण्याऐवजी जन्मभर दरमहा पैसे मिळण्याची सोय झाली, आणि मालकाशी वैर न धरता ती मिळू लागली. ही मोठी गोष्ट होती. मात्र ज्याचा विमा उतरला, त्याला नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याखाली दावा लावण्याचा मार्ग बंद झाला. सारा भार आला बोर्डाच्या टक्क्यावर. समजा, पूर्ण अपंगत्वाचा दर रोजी शंभर रुपये असला, तर आठ टक्केवाल्याला रोजी आठ रुपये मिळावयाचे, तेही जन्मभर. टक्का चुकला तर जन्मभर चुकला.

म्हणून १९६६ च्या दुरुस्तीने या कायद्यात जे कलम आले, त्याची किंमत मोठी आहे. बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जावे, तेथून विमा न्यायालयात जावे, किंवा सरळ विमा न्यायालयातच जावे, अशी वाट त्यात लिहिलेली होती. मुदत होती तीन महिन्यांची. ही वाट होती, पण तिच्यावरून चालणारे थोडे होते. कारण ती कोणी सांगतच नव्हते. जे सांगावयास बसले होते, त्यांनाही ती पुरती माहीत नव्हती. त्यांतला एक मी.

ही गोष्ट १९९८ सालची. पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी वडील असलेले एक टर्नर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांचा उजवा हात चकमध्ये ओढला गेला. बोट तुटले नाही, पण अंगठा आणि तर्जनी ताठ झाली; चिमूट जुळेना. बोर्डाने आठ टक्के लिहिले. चिमूट न जुळणारा टर्नर म्हणजे काय, हे मला सांगावयास कोणी नको होते. मायक्रोमीटर धरता येत नाही, टूल बिट घट्ट बसविता येत नाही. कंपनीने त्यांना हेल्पर केले, पगार उतरला. मी तेव्हा संघटनेचा नवा सेक्रेटरी होतो. अण्णांचे रोजचे पाच रुपयेसुद्धा होत नव्हते. गावी घराचे पत्रे उडाले होते, मेहुण्याचे देणे होते. मी म्हणालो, “अण्णा, रोजच्या चार-पाच रुपयांनी काय होणार? एकरकमी घेऊन टाका.” अण्णा म्हणाले, “तू म्हणतोस तर घेतो.” अर्ज मीच लिहिला.

पुढे सहा महिन्यांनी रद्दीतून आणलेल्या पुस्तकात मी ते कलम पुरते वाचले. १९८९ साली त्याला एक परंतुक जोडले गेले होते : बोर्डाच्या निर्णयावरून ज्याने एकरकमी मोबदला मागितला आणि घेतला, त्याला त्या निर्णयाविरुद्ध अपील नाही. फेरतपासणीचे निराळे कलम होते, पण ते महत्त्वाची गोष्ट लपविली गेली किंवा दुखणे अनपेक्षितपणे बळावले तरच लागू पडणारे. अण्णांचे बोट बळावले नव्हते, सुधारलेही नव्हते. होते तसेच ताठ होते. दार बंद झाले होते, आणि त्याची कडी मी माझ्या हाताने लावली होती.

मी अण्णांकडे जाऊन हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुढच्या माणसाला नीट सांग म्हणजे झाले.” अण्णांनी मला कधी बोल लावला नाही. पण त्यांच्या डाव्या हाताने उचललेला चहाचा पेला पाहिला की आजही मला माझा तो अर्ज दिसतो.

त्या दिवसापासून मी कायदा वाचावयास बसलो. पाच-सहा वर्षांनी मोटारींच्या वायरी गुंफणाऱ्या कारखान्यातल्या एका बाईंचे प्रकरण आले. मनगट मोडून वेडेवाकडे जुळले होते. बोर्डाचे दहा टक्के. एकरकमी घेऊ नका, हे पहिले सांगितले. मग अपील लिहिले. अन्याय झाला, जुलूम झाला, असले शब्द त्यात एकही घातले नाहीत. बाई दिवसभरात काय करतात तेवढे लिहिले : मनगट किती वेळा फिरते, किती जोराने दाबावे लागते, तासाला किती नग द्यावे लागतात, अपघातापूर्वी त्या किती देत होत्या आणि आता किती देतात. सोबतच्या दोघींचे जबाब जोडले. हाडाच्या डॉक्टरांना मनगट किती अंश वळते ते मोजून लिहावयास सांगितले. न्यायाधिकरणाने अठरा टक्के केले. नंतरच्या एका प्रकरणात आम्ही हरलो, हेही सांगतो. त्या वेळी आमच्यापाशी कामाचा तपशील नव्हता. नुसता संताप होता.

बोर्डावरचे डॉक्टर दुष्ट असतात, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. पुष्कळ सज्जन असतात. पण त्यांना हात दिसतो, लेथ दिसत नाही. सांधा किती वळतो हे डॉक्टरने सांगावे. त्या सांध्यावाचून कोणते काम अडते हे काम करणाऱ्याने सांगावे. आणि दोन्ही ऐकून निर्णय देणाराने निर्णय द्यावा. ही माझी पदरची वाटणी नव्हे. १८ ऑक्टोबर २०१० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने याच धर्तीवर सांगितले आहे. तो खटला मोटार अपघाताचा होता, पण तत्त्व तेच. अपंगत्व किती हे डॉक्टर सांगू शकतो, मात्र कमाईची शक्ती किती गेली हे न्यायाधिकरणाने ठरवावयाचे. कोर्टाने उदाहरणही दिले आहे : डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार यांची कमाई जवळजवळ सगळीच जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र कदाचित टिकेल. त्याआधी २००८ साली, पाय गमावलेल्या एका टँकर ड्रायव्हरला हायकोर्टाने पासष्ट टक्क्यांवर आणले होते, त्याला सुप्रीम कोर्टाने पुन्हा शंभर टक्के दिले. १९७५ च्या सुताराने घातलेली वाट अशी पुढच्यांच्या कामी आली.

आता हे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षेच्या एका संहितेत गोळा झाले आहेत. संसदेने ती २०२० साली मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आल्याचे सरकारने जाहीर केले. कलमांचे क्रमांक बदलले. जुनी पुस्तके पाठ केलेल्या माझ्यासारख्यांना पुन्हा शाळेत बसावे लागत आहे. बसू. पण कलमाचा क्रमांक बदलला म्हणून प्रश्न बदलत नाही. हात कितवा भाग गेला, असे विचारावयाचे, की या माणसाचे घर आता कशावर चालणार, असे विचारावयाचे? साडेपाच हजार गिरणी कामगारांनी १८८४ साली दुसरा प्रश्न विचारला होता.

म्हणून येथे जमलेल्या तरुण मंडळींना एवढेच सांगतो. तुमच्या शेजारी, तुमच्या चाळीत, तुमच्या नात्यात कोणाला टक्के बसले असतील, तर त्याच्या खिशातला तो कागद बाहेर काढावयास सांगा. त्यावरची तारीख पाहा आणि अपिलाची मुदत मोजा. मुदत संपेपर्यंत एकरकमी अर्जावर त्याला सही किंवा अंगठा करू देऊ नका. मग त्याच्याजवळ बसून विचारा, ‘तुम्ही दिवसभर काय काम करीत होता?’ आणि तो जे सांगेल ते शब्दशः लिहून घ्या. अपिलाचा निम्मा मसुदा तेथेच तयार होतो.

अण्णा आता गावी असतात. मागे भेटलो तेव्हा त्यांनी विचारले, “किती जणांना सांगितलेस?” मी आकडा सांगितला. तो फार मोठा नव्हता. आज येथे जेवढे बसले आहेत तेवढ्यांची भर त्यात पडली, असे त्यांना कळवीन.